आयपीकॉन्फिगमध्ये सहा फिजिकल ॲड्रेस दिसतात. राउटरमध्ये नक्की कोणता भरायचा?

निळीशाई

विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपला राउटरकडून कायम एकच आयपी मिळायला हवा आहे. त्यावरचं एक फोल्डर घरातल्या बाकीच्या यंत्रांशी शेअर केलं आहे आणि आयपी बदलला की ते सापडत नाही. राउटरच्या 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' पानावर मॅक पत्ता (विंडोज त्यालाच 'फिजिकल ॲड्रेस' म्हणतं) विचारतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवल्यावर एकाच लॅपटॉपचे सहा पत्ते येतात. रचना तशीच ठेवून आकडे बदलले आहेत:

इथरनेट: ००-००-५ई-००-५३-१०
वाय-फाय: ६ई-४१-बी७-०९-डी२-३३
लोकल एरिया कनेक्शन* १ (मायक्रोसॉफ्ट वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल ॲडॉप्टर): ०२-००-५ई-००-५३-११
लोकल एरिया कनेक्शन* २ (तेच, #२): १२-००-५ई-००-५३-११
ब्लूटूथ नेटवर्क कनेक्शन: ००-००-५ई-००-५३-१५
इथरनेट २ (व्हर्च्युअलबॉक्स होस्ट-ओन्ली): ०ए-००-२७-००-००-०८

पहिला पत्ता राउटरमध्ये भरून त्याला १९२.१६८.१.५० दिला, तरी लॅपटॉपला १९२.१६८.१.२३ च मिळतो. शिवाय लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या स्टिकरवर वाय-फायचा पत्ता ००-००-५ई-००-५३-११ असा छापला आहे, आणि वर दिसणारा वाय-फायचा पत्ता त्याच्याशी अजिबात जुळत नाही. यातला खरा कोणता?

तांब्याचीतार

मॅक पत्ता संगणकाचा नसतो, नेटवर्क कार्डाचा असतो. केबलचं कार्ड वेगळं, वाय-फायचं वेगळं, ब्लूटूथचं वेगळं, म्हणून पत्तेही वेगळे. यूएसबीला लावायचा लॅन ॲडॉप्टर असेल तर त्याचा पत्ता त्या ॲडॉप्टरबरोबरच फिरतो: आज या लॅपटॉपला लावा, उद्या दुसऱ्याला, राउटरला पत्ता तोच दिसणार. डेस्कटॉपचा मदरबोर्ड बदलला की त्यावरच्या लॅन पोर्टचा पत्ता बदलतो. हार्ड डिस्क बदलून किंवा विंडोज नव्याने टाकून बदलत नाही.

तुमच्या सहापैकी चार लगेच बाजूला काढता येतात. ०ए-००-२७ ने सुरू होणारं कार्ड व्हर्च्युअलबॉक्सने सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेलं आहे. तुमचा लॅपटॉप आणि त्यातली आभासी यंत्रं यांच्यापुरतंच ते चालतं, राउटरपर्यंत पोचतच नाही. नावात चांदणी असलेली दोन्ही 'लोकल एरिया कनेक्शन' वाय-फाय कार्डावरच उभी आहेत. मोबाइल हॉटस्पॉट आणि स्क्रीन दुसऱ्या पडद्यावर पाठवणं यांसाठी विंडोज ती वापरतं. नको म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करू नका, नाहीतर नंतर हॉटस्पॉट का चालत नाही ते शोधत बसावं लागेल. ब्लूटूथचा पत्ता फोनवरून ब्लूटूथने इंटरनेट घेतलं तरच कामाचा.

उरले दोन: केबलचा आणि वाय-फायचा. सध्या कोणता वापरात आहे हे ओळखायची खात्रीची खूण म्हणजे 'डीफॉल्ट गेटवे' ही ओळ. 'आयपीकॉन्फिग /ऑल'च्या ज्या भागात या ओळीपुढे राउटरचा आयपी (बहुधा १९२.१६८.१.१) दिसतो, त्याच भागातला फिजिकल ॲड्रेस राउटरला दिसत असतो. ज्या भागात 'मीडिया डिस्कनेक्टेड' लिहिलंय तिथे फक्त जोडणी झालेली नाही एवढाच अर्थ, पत्ता बरोबरच असतो. पण बंद करून ठेवलेलं कार्ड या यादीत येतच नाही. यादीत वाय-फाय दिसत नसेल तर आधी ते कार्ड सुरू आहे का ते पाहा.

सुटसुटीत यादी हवी असेल तर 'गेटमॅक /व्ही /एफओ लिस्ट' चालवा. /व्ही लावायला विसरू नका. त्याच्याशिवाय नुसते पत्ते येतात आणि कोणता कुठल्या कार्डाचा ते कळत नाही.

आता तुमची गल्लत लक्षात येईल. राउटरमध्ये केबलच्या कार्डाचा पत्ता भरलात आणि लॅपटॉप जोडला आहे वाय-फायने. राउटरच्या दृष्टीने ५० क्रमांक राखलेलं यंत्र अजून आलेलंच नाही.

दुसराथर

वाय-फायचा पत्ता स्टिकरशी का जुळत नाही त्याचं उत्तर त्याच्या पहिल्या जोडीत, ६ई मध्ये, आहे.

मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो: सहा जोड्या, प्रत्येक जोडी ८ बिटांची, सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेली (० ते ९ आणि ए ते एफ). पहिल्या जोडीतले शेवटचे दोन बिट खास आहेत. अगदी शेवटचा बिट १ असेल तर तो पत्ता एका यंत्राचा नसून गटाचा असतो. त्याच्या अलीकडचा बिट १ असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो. ६ई म्हणजे ०११०१११०. शेवटचा बिट ०, त्याअलीकडचा १. म्हणजे पत्ता एकाच यंत्राचा आहे, पण बनवलेला आहे.

दर वेळी बिट मांडत बसायची गरज नाही. पत्त्यातलं दुसरं चिन्ह पाहा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता सॉफ्टवेअरचा. ०, ४, ८ किंवा सी असेल तर बहुतेक वेळा कारखान्याचा. दुसरं चिन्ह विषम असेल (१, ३, ५, ७, ९, बी, डी, एफ) तर तो कोणत्याही एका कार्डाचा पत्ता असूच शकत नाही, उतरवून घेताना चूक झाली आहे. ही कसोटी तुमच्या यादीला लावा: ०२, १२, ०ए आणि ६ई चारही बनवलेले निघतात.

तुमच्या विंडोजमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' सुरू आहे. सार्वजनिक ठिकाणच्या वाय-फायवर तुमचा लॅपटॉप ओळखून त्याचा माग काढता येऊ नये, यासाठी ती सोय आहे आणि बाहेर ती सुरूच असावी. घरच्या नेटवर्कपुरती बंद करा: सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, तिथे जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज उघडा. त्यातला 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' हा पर्याय फक्त त्या नेटवर्कला लागू होतो. वाय-फायच्या मुख्य पानावर याच नावाचं आणखी एक बटण आहे, ते सगळ्या नेटवर्कसाठी आहे, त्याला हात लावू नका. त्या नेटवर्कच्या पर्यायात 'चेंज डेली' निवडलेलं असेल तर पत्ता रोज बदलतो आणि कोणतंही रिझर्व्हेशन टिकणार नाही. बदल केल्यावर वाय-फाय तोडून पुन्हा जोडा.

कार्डाचा मूळ पत्ता आणि सध्याचा पत्ता शेजारी शेजारी पाहायचे असतील तर पॉवरशेलमध्ये 'गेट-नेटॲडॉप्टर | फॉरमॅट-लिस्ट नेम, मॅकॲड्रेस, पर्मनंटॲड्रेस' चालवा. दोन्ही वेगळे दिसले तर रँडम सुरू आहे, किंवा कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'नेटवर्क ॲड्रेस' या रकान्यात कुणीतरी हाताने पत्ता भरून ठेवला आहे.

फोनचंही असंच आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फाय नेटवर्कसाठी वेगळा बनवलेला पत्ता वापरतात. राउटरच्या यादीत अनोळखी दिसणारं यंत्र पुष्कळदा घरातलाच फोन असतो.

आकडे बदलून टाकलेत ते चांगलं केलंत. विशेषतः राउटरच्या वाय-फायचा पत्ता उघड टाकू नये. जगभरच्या वाय-फाय पत्त्यांवरून ठिकाण सांगणारे साठे आहेत, त्यातून घर कुठे आहे ते कळू शकतं.

टर्मिनलवाला

शीर्षक पाहून लिनक्स आणि ॲपलच्या मॅक संगणकवालेही इथे येतील, म्हणून त्यांच्यासाठी.

लिनक्समध्ये 'आयपी लिंक' चालवा. 'लिंक/ईथर' या शब्दांनंतरचा पत्ता सध्याचा. तो बदललेला असेल तर नव्या आवृत्त्यांत त्याच ओळीत पुढे 'पर्मॲडर' म्हणून मूळ पत्ताही येतो. तसं दिसलं नाही तर 'इथटूल -पी' (पी कॅपिटल) आणि पुढे कार्डाचं नाव, म्हणजे उदाहरणार्थ 'डब्ल्यूएलपी२एस०'. 'एलओ' हे कार्ड नाही, त्याचे सगळे आकडे शून्य असतात. डॉकर असेल तर ०२:४२ ने सुरू होणारे पत्तेही दिसू शकतात, तेही सोडून द्या.

यात एक खड्डा आहे. नेटवर्क मॅनेजर आसपासची वाय-फाय शोधत असताना कार्डाला तात्पुरता बनावट पत्ता देतो. वाय-फाय जोडलेलं नसताना 'आयपी लिंक'मधून पत्ता उतरवलात तर तो बनावट पत्ता हाती लागतो आणि जोडणी झाल्यावर भलताच दिसतो. आधी जोडा, मग पाहा.

दुसरा खड्डा जास्त त्रासाचा. डीएचसीपी सर्व्हर (राउटरमधला आयपी वाटून देणारा भाग) यंत्राला दोन गोष्टींवरून ओळखू शकतो: मॅक पत्ता, किंवा यंत्राने पाठवलेली 'क्लायंट आयडेंटिफायर' ही ओळख (डीएचसीपीचा ६१ क्रमांकाचा पर्याय). 'सिस्टमडी-नेटवर्कडी' मुळात मॅक न पाठवता यंत्राच्या आयडीवरून बनवलेली लांब ओळख पाठवतो. मग राउटरमध्ये मॅक अगदी बरोबर भरलेला असूनही काही राउटर रिझर्व्हेशन लागू करत नाहीत. अशा वेळी त्या नेटवर्कच्या फाइलमध्ये डीएचसीपीच्या विभागात 'क्लायंटआयडेंटिफायर=मॅक' लिहा. नेटप्लॅन वापरत असाल तर 'डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक'. याच कारणाने आभासी यंत्राची नक्कल करताना मॅक नवा दिला तरी दोघांना एकच आयपी मिळू शकतो, कारण नकलेत मशीन आयडीही तीच राहते.

ॲपलच्या मॅकवर ऑप्शन कळ दाबून ठेवून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की पत्ता दिसतो. सगळी कार्डं नावांसह हवी असतील तर टर्मिनलमध्ये 'नेटवर्कसेटअप -लिस्टऑलहार्डवेअरपोर्ट्स'. मॅकओएस १५ पासून तिथेही 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' आला आहे, तेव्हा दुसऱ्या चिन्हाची कसोटी तिथेही लावा. आणि मॅकवरचं 'एआरपी -ए' (कोणत्या आयपीचा मॅक पत्ता कोणता ते दाखवणारी कमांड) प्रत्येक जोडीतलं पुढचं शून्य गाळतं. ००:००:५ई:००:५३:१० ऐवजी ०:०:५ई:०:५३:१० असं येतं. ते तसंच राउटरमध्ये भरलं तर बारा चिन्हं होत नाहीत आणि राउटर पत्ता अवैध म्हणतो. प्रत्येक जोडी दोन चिन्हांची करून घ्या.

निळीशाई

सर्वांचे आभार. घरच्या नेटवर्कसाठी रँडम बंद केल्यावर वाय-फायचा पत्ता स्टिकरवरच्याशी तंतोतंत जुळला. तो राउटरमध्ये ५० क्रमांकासाठी भरला, केबलवाली नोंद काढली. पण आता आयपी १९२.१६८.१.२४ आला आहे, ५० नाही. आणखी दोन शंका. केबल आणि वाय-फाय दोन्हींना ५० च देता येईल का? आणि राउटरच्या यादीत एक यंत्र नाव नसलेलं आहे, दुसरं चिन्ह ४, म्हणजे कारखान्याचा पत्ता. ते काय आहे हे कसं ओळखायचं? मॅक फिल्टर लावून ते बंद करावं का?

तांब्याचीतार

५० न मिळण्याचं कारण बहुधा लीज. डीएचसीपी आयपी ठरावीक मुदतीसाठी देतो. अर्धी मुदत सरली की यंत्र तोच आयपी पुढे चालू ठेवायला मागतं आणि काही राउटर नवी नोंद न पाहता तो देऊन टाकतात. रँडम बंद करून जोडलंत तेव्हा रिझर्व्हेशन अजून भरलेलं नव्हतं, म्हणून स्टिकरवाल्या पत्त्याला २४ मिळाला आणि त्याची लीज सुरू झाली.

राउटरमधली नोंद जतन झाली आहे याची खात्री करा (काही राउटरवर 'ॲड' केल्यावर वेगळं 'सेव्ह' दाबावं लागतं). मग लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज', पाठोपाठ 'आयपीकॉन्फिग /रिन्यू'. हे लॅपटॉपसमोर बसूनच करा. रिमोट डेस्कटॉपवरून रिलीज केलंत तर जोडणी तिथेच तुटेल आणि रिन्यू टाइप करायला जागाच उरणार नाही. तरीही २४ च आला तर राउटर रीस्टार्ट करा, म्हणजे बहुतेक राउटरांतली जुन्या लीजची यादी पुसली जाते. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आला तर राउटरकडून उत्तरच आलेलं नाही. मग दोष रिझर्व्हेशनचा नाही, जोडणीचा आहे.

दोन गोष्टी तपासा. ५० हा आयपी दुसऱ्या कुणी हाताने घेऊन ठेवलेला नसावा. आणि तो राउटरच्या डीएचसीपी पल्ल्यात बसतो का ते पाहा. काही राउटर रिझर्व्हेशन पल्ल्याच्या आतच मागतात, काही बाहेरचंही चालवून घेतात. पल्ला १०० ते १९९ असेल तर ५० ऐवजी १५० घेणं सोपं.

केबल आणि वाय-फाय दोन्हींना एकच आयपी देऊ नका. बहुतेक राउटर तशी नोंद स्वीकारत नाहीत, आणि स्वीकारली तरी दोन्ही एकाच वेळी जोडलेले असताना आयपीची टक्कर होते. वाय-फायला ५०, केबलला ५१ असं करा. फोल्डर एकाच पत्त्यावर दिसायला हवं असेल तर लॅपटॉप कायम एकाच मार्गाने जोडा. शेअरिंगसाठी केबल केव्हाही बरी.

लॅपटॉप डॉकला लावत असाल तर आणखी एक तपासणी हवी. काही डॉकमध्ये 'मॅक पास-थ्रू' असतं. ते सुरू असेल तर डॉकच्या लॅन पोर्टवर डॉकचा नव्हे, लॅपटॉपचा पत्ता दिसतो. ही सोय बायोसमधून (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमधून) सुरू-बंद होते. डॉकच्या स्टिकरवरून पत्ता उतरवला आणि तो लागू पडला नाही, तर आधी इथे पाहा.

पत्ता लिहिताना विंडोज मध्ये आडव्या रेघा देतं, लिनक्स विसर्गासारखी दोन टिंबं देतं, काही स्विच चार-चार चिन्हांचे तीन गट करून मध्ये एकच टिंब देतात. पत्ता तोच. राउटर जसं मागेल तसं भरा. स्टिकरवरून उतरवताना गोल दिसणारं चिन्ह शून्यच असतं, कारण इंग्रजी 'ओ' या पत्त्यात येतच नाही. ८ आणि बी मात्र बारीक छपाईत सहज चुकतात, म्हणून शक्य तिथे पडद्यावरून कॉपी करा.

दुसराथर

अनोळखी यंत्राबद्दल. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था उत्पादकांना वाटून देते आणि त्यांची यादी सर्वांना पाहता येते. तिथे त्या तीन जोड्या शोधा. पण नाव वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पत्ता बहुतेकदा आतल्या वाय-फाय मॉड्यूल बनवणाऱ्याच्या नावावर असतो, डब्यावरच्या ब्रँडच्या नव्हे. म्हणून टीव्ही, वायफाय बल्ब किंवा प्रिंटर कधीही न ऐकलेल्या कंपनीच्या नावाने दिसतो. दुसरं, लहान उत्पादकांना आयईईई २८ किंवा ३६ बिटांचे छोटे गट देते. अशा वेळी पहिल्या तीन जोड्या अनेक कंपन्यांत वाटलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण पत्ता टाकून शोधल्याशिवाय नाव कळत नाही. २, ६, ए, ई वाले पत्ते या यादीत शोधण्यात अर्थ नाही.

नावाने उलगडा झाला नाही तर घरातली यंत्रं एकेक करून बंद करा आणि राउटरची यादी पाहा. ही यादी लगेच ताजी होत नाही, म्हणून लॅपटॉपवरूनही तपासा: आधी त्या आयपीला 'पिंग' करा, मग 'एआरपी -ए'. पिंगला उत्तर आलं नाही तरी चालेल. फायरवॉल पिंग अडवतो, एआरपीला मात्र यंत्राला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर त्याच्याशी स्थानिक नेटवर्कवर बोलताच येणार नाही. 'एआरपी -ए'च्या यादीत तुमच्या जाळ्यातलेच पत्ते येतात. गेटवेच्या आयपीसमोरचा पत्ता राउटरचा. एफएफ-एफएफ-एफएफ-एफएफ-एफएफ-एफएफ म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवायचा पत्ता. ०१-००-५ई ने सुरू होणारे गटांचे. यांना यंत्रं समजून शोधू नका. दोन-तीन आयपींसमोर एकच मॅक दिसला तर घरात वाय-फायचा पल्ला वाढवणारं रिपीटर आहे का ते पाहा. काही रिपीटर आपल्यामागच्या यंत्रांच्या जागी स्वतःचा पत्ता पुढे करतात.

मॅक फिल्टरवर विसंबू नका. वाय-फायचा पासवर्ड आतला मजकूर झाकतो, पण प्रत्येक फ्रेमच्या शीर्षातले मॅक पत्ते उघडेच असतात. जवळ बसून ऐकणाऱ्याला चालू पत्ता दिसतो आणि तो आपल्या कार्डाला लावता येतो. त्याउलट घरातल्या फोनने पत्ता बदलला की तोच बाहेर अडकतो. अनोळखी यंत्र खरंच परकं निघालं तर वाय-फायचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा.

आणि हा पत्ता संकेतस्थळांना दिसत नाही. राउटर ओलांडला की पुढच्या टप्प्यावर नवे मॅक पत्ते लागतात. एकच वाट पूर्वी उघडी होती: आयपीव्ही६ (नव्या, लांब प्रकारचा आयपी) पत्ता मॅक पत्त्यावरून बनवण्याची पद्धत. त्यात मधोमध एफएफ-एफई घालतात आणि पहिल्या जोडीतला तोच दुसरा बिट उलटा करतात. तुमचा वाय-फायचा पत्ता घेतला तर शेवटचा भाग ०२००:५ईएफएफ:एफई००:५३११ असा होईल. विंडोज आता मुळातच यासाठी यादृच्छिक आकडे वापरतं, पण छोट्या उपकरणांत ही पद्धत अजून सापडते. आयपीव्ही६ पत्त्याच्या उत्तरार्धात मध्ये 'एफएफ:एफई' दिसलं की समजा.

निळीशाई

रिलीज-रिन्यूने काम झालं नाही, पण राउटर रीस्टार्ट केल्यावर ५० मिळाला. केबललाही ५१ दिला. नाव नसलेलं यंत्र प्रिंटर निघालं, बंद केल्यावर यादीतून गेलं. आता हाच लॅपटॉप नेटवर्कवरून झोपेतून उठवायचा आहे. त्यासाठी कोणता पत्ता?

तांब्याचीतार

केबलच्या कार्डाचा, ...५३-१० वाला. वाय-फायवरून उठवणं अनेक लॅपटॉपांत चालत नाही.

उठवणाऱ्या संदेशात एफएफ सहा वेळा आणि मागोमाग तो मॅक १६ वेळा असतो, एकूण १०२ बाइट. एक चिन्ह चुकलं तरी काहीच घडत नाही आणि चुकल्याची सूचनाही येत नाही. बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन सुरू करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधला संगणक जागा करू देण्याचा पर्याय निवडा. संदेश १९२.१६८.१.५१ ला न पाठवता १९२.१६८.१.२५५ ला पाठवा. झोपलेला लॅपटॉप एआरपीला उत्तर देईलच असं नाही, आणि उत्तर नसेल तर ५१ वर पाठवलेला संदेश वाटेतच राहतो. २५५ वर पाठवलेला जाळ्यातल्या सगळ्यांकडे जातो आणि त्या कार्डालाही मिळतो.